चौदा किवीकिऊ आणि आपल्या गटारातला डास

ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई बेटांपैकी माउई बेटावर, हालेआकाला ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरच्या नाकुला नावाच्या राखीव जंगलात किवीकिऊ जातीचे १४ पक्षी नेण्यात आले. त्यांतले ७ रानात जाळी लावून पकडलेले होते, ७ प्रजनन केंद्रात वाढलेले. रानात ही जात तेव्हा दीडशेच्या आसपास उरली होती, आणि तीही डोंगराच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला दुसरी वसाहत उभी करायची, म्हणजे एखाद्या वादळाने पहिली गेलीच तर जात तरी राहील, असा बेत होता. तयारीत कित्येक वर्षं गेली होती. बेत मोडायला काही आठवडे पुरले. पक्षी एकामागून एक मेले, काही बेपत्ता झाले. जी कलेवरं हाती लागली त्यांच्या शवविच्छेदनात कारण निघालं मलेरिया.

हा माणसांचा मलेरिया नव्हे. पक्ष्यांच्या मलेरियाचा परोपजीवी वेगळा, त्याचं नाव प्लाझमोडियम रेलिक्टम. डास मात्र आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. क्युलेक्स क्विन्कफॅशिएटस, म्हणजे आपल्या शहरांतल्या तुंबलेल्या गटारात आणि झाकण फुटलेल्या सेप्टिक टँकमध्ये वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा आणि विदर्भात हत्तीरोग पसरवणारा तोच घरगुती डास.

मी गुरांचा डॉक्टर. पक्ष्यांशी माझा संबंध कोंबड्यांपुरता. तरी या प्रकरणात मी गुंतलो, कारण संकरित गाय आणि गोचीड ताप यांचं जे नातं आम्ही गोठ्यागोठ्यात पाहतो, तेच इथे पॅसिफिक महासागराच्या मधोमध, जंगलात, जसंच्या तसं घडलेलं दिसतं. परोपजीवी किती जहाल आहे हा प्रश्न आपण आधी विचारतो. ज्याच्या अंगात तो शिरतो त्याची आणि परोपजीवीची ओळख किती जुनी आहे, हे आधी विचारायला हवं.

बेटावर कोण कधी आलं

किवीकिऊची वरची चोच पोपटासारखी बाकदार असते, खालची छिन्नीसारखी. दोन्हींच्या कैचीत बारीक फांदी धरायची, ती उभी चिरायची आणि आतली अळी काढून खायची, हा त्याचा दिनक्रम. एका विणीला एकच पिल्लू, आणि ते कित्येक महिने आईबापांच्या मागे हिंडत फांदी चिरायला शिकतं. अशा जातीतले दहा पक्षी मेले तर ती तूट भरून निघायला किती वर्षं लागतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हा पक्षी हवाईच्या हनीक्रीपर कुळातला. या कुळाचे पूर्वज आशियातले रोझफिंच. लाखो वर्षांपूर्वी त्यांचा एखादा थवा भरकटत त्या बेटांवर पोहोचला आणि त्यातून पन्नासहून अधिक जाती घडल्या. कुणाची चोच कोयत्यासारखी वाकडी झाली, कुणाची बी फोडण्याइतकी जाड. इइवी नावाच्या लालभडक जातीच्या पिसांचे झगे तिथले सरदार मिरवत. आज या कुळातल्या १७ जाती उरल्या आहेत. या सगळ्या काळात बेटांवर डास नावाचा प्राणीच नव्हता. डास नाही म्हणून मलेरिया नाही, आणि मलेरिया नाही म्हणून त्याच्याशी झुंजण्याची तयारीही नाही.

मग माणसं जनावरं घेऊन आली. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली. राजाने त्यांना मारायला दहा वर्षं बंदी घातली. गुरं वाढली, रानटी झाली आणि जंगलात घुसून रोपांचा फडशा पाडू लागली. शेळ्या, मेंढ्या, डुकरं यांनी उरलंसुरलं उरकलं. डास आला १८२६ मध्ये. सांगितलं जातं ते असं की 'वेलिंग्टन' नावाच्या जहाजाने मेक्सिकोहून आणलेल्या पिंपांतलं शिळं पाणी माउईच्याच लाहाइना बंदरात ओतलं आणि त्या पाण्यात अळ्या होत्या. १८६५ मध्ये उसावरच्या अळ्यांचा बंदोबस्त करायला हिंदुस्थानातून साळुंकी नेली गेली. पुढे हौसेखातर देशोदेशीचे पक्षी आणून सोडणारं एक मंडळही १९३० मध्ये होनोलुलूत स्थापन झालं. या बाहेरच्या पक्ष्यांबरोबर परोपजीवी बेटावर उतरला. डास आधीच हजर होता, त्यामुळे जोडी जमायला वेळ लागला नाही.

गुराढोरांचा या रोगाशी संबंध फक्त जंगल खाण्यापुरता नाही. हवाईच्या जंगलात माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची झाडनेची वाढते. तिच्या खोडात पिष्टमय गाभा असतो. रानडुकरं खोड आडवं पाडतात, गाभा खाऊन टाकतात आणि मागे एक पोकळ लाकडी कुंड उरतं. पावसाने ते भरतं, त्यात पाला कुजतो, पाणी काळपट होतं. क्युलेक्सला याहून चांगली जागा कोणती? त्या ज्वालामुखीच्या सच्छिद्र जमिनीत पाणी एरवी साचत नाही. डासाला ते साचवून दिलं डुकरांनी. खालच्या कुरणांमध्ये गुरांसाठी खोदलेल्या तळ्यांनी तेच काम केलं. म्हणजे जंगलातल्या पक्ष्याच्या रोगाचं एक मूळ थेट पशुपालनात आहे, आणि आमच्या व्यवसायातल्या माणसाने तरी ते विसरू नये.

चिमणी, मनोली आणि इइवी

या रोगाचा भारताशी संबंध साळुंकीपेक्षा खोल आहे. रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत माणसाचं मलेरियाग्रस्त रक्त प्यालेल्या डासाच्या जठरात परोपजीवी पाहिला, हे शाळेतल्या पुस्तकात असतं. पुढचं फारसं सांगितलं जात नाही. १८९८ मध्ये तो कलकत्त्यात होता, माणसांचे रुग्ण मिळणं अवघड झालं होतं, म्हणून त्याने पक्षी धरले. पक्ष्यांच्या मलेरियावर, क्युलेक्स डास वापरून, त्याने सगळं चक्र उलगडलं: डासाच्या जठराच्या भिंतीवरची गाठोडी, ती फुटून निघालेले बारीक धाग्यांसारखे जीव आणि जुलैमध्ये त्याच डासाच्या लाळग्रंथीत सापडलेले तेच धागे. मग तसे डास निरोगी चिमण्यांना चाववले आणि चिमण्यांना मलेरिया झाला. डास चावण्याने मलेरिया होतो याचा पहिला धडधडीत पुरावा कलकत्त्याच्या चिमण्यांनी दिला. १९०२ चं नोबेल त्यावर उभं आहे. परोपजीवी आणि डास, दोन्ही तेच, जे पुढे माउईत किवीकिऊच्या मुळावर आले.

आपल्याकडच्या पक्ष्यांत हा परोपजीवी आजही सर्रास असतो, आणि म्हणून कुठे चिमण्यांचे सडे पडलेले दिसत नाहीत. हवाईत काय होतं ते १९९५ मध्ये कार्टर ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वच्छ दिसतं. त्यांनी इइवी पक्ष्यांच्या दोन गटांना मलेरियाचे डास चाववले. ज्यांना अनेक डास चावले ते सगळे मेले. ज्यांना एकच डास चावला त्यांतले ९० टक्के मेले. जोडीला त्यांनी तपासली ठिपकेवाली मनोली, म्हणजे आपल्या माळरानावर थव्याने दिसणारी, पिंजऱ्याच्या बाजारात मुनिया म्हणून विकली जाणारी चिमुकली. तीही हवाईत नेऊन सोडलेली पाहुणीच. तिला त्याच परोपजीवीची लागणसुद्धा झाली नाही.

एकच डास, एकच दंश. आमच्या धंद्यात इतका लहान डोस आणि इतकी मोठी मर क्वचित पाहायला मिळते.

आत काय घडतं? डासाच्या लाळेतून शिरलेले जीव आधी प्लीहा आणि इतर अवयवांच्या पेशींत वाढतात, मग तांबड्या पेशींत उतरतात. पक्ष्याच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं, आपल्या पेशीला नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली परोपजीवी त्या केंद्रकाला एका बाजूला ढकलून बसलेला दिसतो. मेलेल्या इइवींत रक्तातल्या तीस टक्क्यांहून जास्त तांबड्या पेशींत परोपजीवी होते. पेशी फुटतात, रक्त पातळ आणि फिकं होतं. शवविच्छेदनात यकृत आणि प्लीहा अवाढव्य वाढलेले दिसतात आणि त्यांत गडद रंगद्रव्य भरलेलं असतं. हिमोग्लोबिन खाऊन झाल्यावर परोपजीवी मागे टाकतो तो हा काळा चोथा. जिवंतपणी लक्षणं साधी: पक्षी खाणं कमी करतो, वजन घटतं, पिसं फुगवून बसतो. मुठीत मावणाऱ्या पक्ष्याकडे साठा तो किती असणार.

सगळ्या देशी जाती इतक्या हळव्या नाहीत. अपापाने आणि अमाकिही या जातींतलेही पुष्कळ पक्षी मरतात, पण बरेच वाचतात. हवाई बेटाच्या सखल भागात तर अमाकिहीची अशी वस्ती तयार झाली आहे की जी मलेरिया अंगात बाळगून मजेत वीण घालते. निसर्गाने निवड केली, हळवे गेले, चिवट राहिले. मात्र वाचलेला पक्षी आयुष्यभर परोपजीवी थोड्या प्रमाणात रक्तात वागवतो आणि त्याला चावलेला डास तो पुढे नेतो. साळुंकीला दोष देणं सोपं आहे. रोगाचा आजचा मोठा साठा या वाचलेल्या देशी पक्ष्यांतच आहे.

पंधराशे मीटरची रेघ

मग किवीकिऊ आणि इइवी अजून शिल्लक कसे? थंडीमुळे. डासाच्या पोटात परोपजीवीची वाढ व्हायला ऊब लागते. सरासरी तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ती वाढ थांबते आणि १७ अंशांच्या आतबाहेर ती इतकी रेंगाळते की डास बहुधा आधीच मरतो. हवाईच्या डोंगरांवर ही सीमा साधारण १५०० मीटरवर येते. त्याच्या वर रोग नाही, मध्ये हंगामी, खाली बारमाही. १९६८ मध्ये रिचर्ड वॉर्नरने सखल भागातली जंगलं देशी पक्ष्यांविना रिकामी का पडली याचा ठपका आयात रोगांवर ठेवला होता, तेव्हापासून ही उंचीची रेघ सगळ्या चर्चेच्या मध्यभागी आहे.

आपल्या मोजमापात सांगायचं तर महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे, कळसूबाई १६४६. म्हणजे महाबळेश्वराच्या उंचीवर हे पक्षी वाचत नाहीत, कळसूबाईच्या शिखरावर जेमतेम वाचतील. माउईवर हालेआकाला ३०५५ मीटर उंच, त्यामुळे तिथे वर सरकायला जागा आहे. काउआइ बेटाचं सर्वोच्च टोकच १५९८ मीटर आणि पक्ष्यांचं पठार त्याहून बरंच खाली. हवामान तापू लागलं तशी रेघ वर सरकली आणि काउआइवरच्या पक्ष्यांच्या डोक्यावर छप्पर उरलं नाही. तिथला अकिकिकी नावाचा पक्षी २०२३ च्या पाहणीत रानात अवघे ५ असल्याचा अंदाज निघाला.

नाकुलाचा निर्णय

किवीकिऊ २०१९ पूर्वी हानावी या वाऱ्याकडच्या उतारावर राहत होता. तिथे पाऊस बेसुमार, वादळांत घरटी भिजून पिल्लं मरतात. ते त्याचं आवडतं जंगल होतं असं मुळीच नाही. ते उरलेलं जंगल होतं. जुन्या हाडांवरून कळतं की हा पक्षी एके काळी डोंगराच्या कोरड्या बाजूला आणि शेजारच्या मोलोकाइ बेटावरही होता. त्याला खरा भावतो कोआ वृक्ष, आणि कोरड्या बाजूचे कोआ गुरांनी आणि शेळ्यांनी संपवले होते.

नाकुलात म्हणून आधी कुंपण घातलं गेलं. शेळ्या आणि गुरं बाहेर काढली. माणसांनी उघड्या उतारावर कोआची आणि इतर देशी झाडांची रोपं लावली. रोपं वाढली, त्यांच्यावर किडे आले. मग पक्ष्यांची वेळ. हानावीतून पकडलेले आणि केंद्रातले पक्षी हेलिकॉप्टरने आणून काही दिवस जागेवरच्या पिंजऱ्यांत ठेवले, सवय झाल्यावर सोडायचे, अंगावर छोटे रेडिओ ट्रान्समीटर लावून माग घ्यायचा, अशी पद्धत होती. डासांचा धोका कुणाला माहीत नव्हता असं नाही. तो परवडण्याजोगा आहे असा अंदाज बांधला होता.

२०१९ चा उन्हाळा हवाईत विक्रमी उष्ण गेला. अंदाज ज्या थंडीवर उभा होता तीच त्या वर्षी ढिली पडली. पक्षी आले तेव्हा डास होते, डासांत परोपजीवी होते आणि सोडलेल्या पक्ष्यांच्या अंगात काहीच तयारी नव्हती. पिंजऱ्यात वाढलेल्यांनी डास कधी पाहिला नव्हता हे समजण्यासारखं आहे. रानातले ७ देखील त्याच वाटेने गेले, कारण ते ज्या थंड, वरच्या जंगलातून आले होते तिथे त्यांचा आणि मलेरियाचा सामना झालेला नव्हता. रानटीपणा वेगळा आणि प्रतिकारशक्ती वेगळी.

मागाहून या लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. माझं मत तसं नाही. जात एकाच जंगलात अडकलेली, दरवर्षी संख्या घटतेय, अशा वेळी हात बांधून बसणं हाही एक निर्णयच असतो. मला खटकतं ते कामाच्या क्रमात. अधिवासावर अनेक वर्षं मेहनत झाली, झाडन् झाड मोजलं गेलं, आणि वाहकाच्या, म्हणजे रोग पसरवणाऱ्या डासाच्या, बाबतीत मात्र 'साधारण कमी असतो' एवढ्यावर भागवलं गेलं. डासाची संख्या झाडासारखी नसते. झाड यंदा आहे तर पुढच्या वर्षी असणार. डास एका गरम पंधरवड्यात कुठल्या कुठे पोहोचतो.

जुलै २०२१ मध्ये नाकुलात एक किवीकिऊ जिवंत दिसला. त्या १४ जणांतलाच एक नर, रानातून आणलेला. दीड वर्षाहून जास्त काळ तो त्या उतारावर एकटा तगला होता. त्यातून अनेकांना आशा वाटली, आणि जात पूर्णच असहाय नाही एवढं त्याने दाखवलं हे खरं. पण १४ त एक हा जगण्याचा दर धरला तर चिवट पिढी घडवायला जितके पक्षी खर्ची घालावे लागतील तितके जगात नाहीत. अमाकिहीला ते जमलं कारण अमाकिही हजारोंनी होते.

हेच गोठ्यात

आता आमच्याकडचं. एखादा शेतकरी कर्ज काढून लांबच्या बाजारातून एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आणतो. किंमत लाखाच्या घरात. गोठा नवा बांधलेला, पंखा, रबरी मॅट, सगळं. दोन-तीन आठवड्यांनी फोन येतो, "डॉक्टरसाहेब, गायीने वैरण सोडलीय, अंग तापलंय. बाजारात तर एकदम टकाटक होती." जाऊन पाहावं तर ताप १०५-१०६ फॅरनहाइट, डोळ्यांतून पाणी, खांद्यापुढची लसिका गाठ लिंबाएवढी सुजून हाताला टणक लागते. शेपटीखाली, कासेच्या बाजूला गोचीड. शेजारच्या दावणीला बांधलेली खिलार गाय मात्र त्याच गोचिडांसकट शांत रवंथ करत असते.

गाठीत सुई घालून एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा. तेलाच्या भिंगाखाली मोठमोठ्या लसिका पेशी दिसतात आणि त्यांच्या पोटात निळसर, ठिपक्याठिपक्यांचे पुंजके. त्यांना कॉखचे निळे कण म्हणतात. हा थायलेरिया ॲन्युलाटा, गोचीड तापाचा परोपजीवी. याची युक्ती मलेरियाहून वेगळी आणि जास्त भयंकर आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीतच तो शिरतो आणि तिला कर्करोगाच्या पेशीसारखी बेसुमार वाढायला लावतो. ती दुभंगते तसा तोही दुभंगतो. पुढे तो तांबड्या पेशींत उतरतो, रक्तक्षय होतो, कधी कावीळ दिसते. वेळेवर बुपार्व्हाक्वोनचं इंजेक्शन मानेच्या स्नायूत खोल दिलं तर गाय बहुधा उठते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलावलं तर हाताशी फार काही राहत नाही. जाता जाता: बुपार्व्हाक्वोन आणि मलेरियावरचं ॲटोव्हाक्वोन ही एकाच रासायनिक घराण्यातली औषधं आहेत. परोपजीवींची नाती औषधांच्या कपाटातही दिसतात.

खिलार किंवा देवणी गायीला थायलेरिया होत नाही असं नाही. लहानपणीच गोचीड चावतात, सौम्य लागण होते, ती बरी होते आणि परोपजीवी थोडासा अंगात ठेवून पुढे जगते. शिवाय कित्येक पिढ्यांची निवड तिच्या पाठीशी आहे. गोचिडासाठी मात्र ती साठा ठरते, अपापानेसारखीच. नव्या संकरित गायीला तिच्याच शेजारी बांधलं जातं. शेतकऱ्याला वाटतं गाय बाजारातूनच रोग घेऊन आली. पुष्कळदा रोग दावणीला तिची वाट पाहत असतो. कोंबड्यांतही याची एक आवृत्ती आहे: प्लाझमोडियम गॅलिनेशियम रानकोंबड्याच्या रक्तात गुपचूप राहतो आणि पाळीव कोंबड्यांत शिरला की मर सुरू होते.

गोठ्याला एक सोय आहे जी माउईच्या जंगलाला नाही. थायलेरियाविरुद्ध लस आहे, आपल्या देशात बनते, आणि संकरित वासरांना ती टोचता येते. आणि वाहक हाताच्या अंतरावर असतो. हायलोमा जातीचा गोचीड रक्त पिऊन झाल्यावर गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, दावणीच्या फटींत जाऊन कात टाकतो आणि पुन्हा जनावरावर चढतो. नुसतं गायीच्या अंगावर औषध फवारून निम्मंच काम होतं. भेगा बुजवणं, चुना मारणं, फटींवर फ्लेमगन फिरवणं हे गाय आणायच्या आधी व्हायला हवं. मी हे सांगतो तेव्हा लोक मान हलवतात आणि आधी गाय आणतात. नाकुलाचं वाचल्यावर मला त्यांचा राग थोडा कमी येतो. जिथे शास्त्रज्ञांचा ताफा होता तिथेही आधी पक्षीच आले.

आता डासावर

हवाईत त्यानंतर मोर्चा डासाकडे वळला. शेकडो चौरस किलोमीटरच्या डोंगरी जंगलात धूर मारता येत नाही, कुंडं शोधून रिकामी करता येत नाहीत. त्यांनी निवडलेला मार्ग वोल्बाकिया नावाच्या जिवाणूचा. हा जिवाणू कीटकांच्या पेशींत राहतो. हवाईतल्या क्युलेक्समध्ये त्याचा एक प्रकार आधीच आहे. प्रयोगशाळेत क्युलेक्सचे असे नर वाढवतात ज्यांच्यात दुसराच प्रकार घातलेला असतो. या नराचा रानातल्या मादीशी संग झाला तर अंडी घातली जातात, पण ती उबत नाहीत. नर डास चावत नाहीत, त्यामुळे कितीही सोडले तरी रोग वाढत नाही. डासाच्या जनुकांत काही बदल केलेला नाही, फक्त त्याच्या पोटातला भाडेकरू बदललेला आहे.

अमेरिकेच्या कायद्यात या डासाची गणना कीटकनाशकात होते, म्हणून पर्यावरण संस्थेची आणीबाणीची सवलत २०२३ मध्ये घ्यावी लागली. या योजनेला न्यायालयात आव्हानही मिळालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्व माउईच्या जंगलावर हेलिकॉप्टरमधून नर सोडायला सुरुवात झाली, पुढे काउआइवरही. कुजून जाणाऱ्या कागदी डब्या वरून टाकतात, त्या झाडांत अडकतात आणि डास बाहेर पडतात. २०२५ मध्ये हे काम ड्रोनने करायलाही सुरुवात झाली; अशा एका डबीत हजारभर नर मावतात. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत सोडलेल्या डासांचा आकडा ४ कोटींच्या वर गेला होता. रानातल्या नरांपेक्षा सोडलेले नर सतत कितीतरी जास्त राहिले तरच हिशेब जमतो, म्हणून आठवडा चुकवून चालत नाही. कीटक संपवला तर अन्नसाखळीचं काय, हा प्रश्न हवाईपुरता तरी फार जड नाही. तो डास तिथला नाहीच. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत जंगल त्याच्याशिवाय चाललं होतं.

दरम्यान किवीकिऊ आणि अकिकिकीचा विमा पिंजऱ्यात आहे, आणि विमाही किती कच्चा असतो ते ऑगस्ट २०२३ मध्ये दिसलं. वणव्यात लाहाइना शहर जळालं त्याच दिवशी माउईच्या डोंगरावर ओलिंडात आग लागली आणि ती पक्ष्यांच्या प्रजनन केंद्राच्या कुंपणापर्यंत आली. कर्मचारी आणि शेजारी बागेच्या नळ्या घेऊन उभे राहिले, म्हणून केंद्र वाचलं. २००४ मध्ये याच ठिकाणी पोओउली जातीचा शेवटचा ज्ञात पक्षी मेला होता. त्यालाही मलेरिया होता. अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये हवाईचे आठ पक्षी नामशेष म्हणून यादीतून काढले, त्यांत पोओउली आहे.

नर सोडल्यानंतर काय मोजायचं हेही आता ठरलेलं आहे. सापळ्यात सापडणाऱ्या माद्या किती, त्यांनी घातलेल्या अंड्यांपैकी उबतात किती, आणि सापडलेल्या डासांत परोपजीवी किती. हे आकडे पक्षी सोडायच्या आधी हातात असावे लागतात, आणि एका हंगामाचे पुरत नाहीत. नाकुलातली कोआची झाडं वाढतच आहेत. तिथे पुन्हा किवीकिऊ न्यायचे की नाही आणि कधी, हे या वेळी डासांच्या सापळ्यांवरून ठरणार आहे.